भिंतीवर माझी जागा

५ मार्च १९८४, सोमवार

सकाळच्या पेपरात बातमी. जूनमध्ये डनमोरला दीडशे वर्षं पूर्ण होतात म्हणून ब्रँटलींच्या फर्निचरच्या दुकानाची बाजूची अख्खी भिंत रंगवणार. विषय, ‘डनमोरशी नातं असलेले कलावंत’. सात चेहरे. चित्रकार शिकागोहून मागवणार, कारण चाळीस हजार वस्तीच्या आपल्या गावात कुणाला ब्रश धरता येत नाही, असं कमिटीचं मत.

बाकीचे सहा कोण असतील याचा विचार करत बसलो. कॉफी गार झाली.

ठरवलं आहे, कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाही. आपल्याकडची रीत सरळ आहे. कुणी नुसती कॉफी विचारली तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची. कमिटी पहिल्यांदा येईल तेव्हा म्हणेन, छे छे, मी कुठला. दुसऱ्यांदा म्हणेन, एखाद्या तरुण माणसाला संधी द्या. तिसऱ्यांदा मान किंचित झुकवेन. आरशासमोर झुकवून पाहिली. हनुवटीखालचं मांस लोंबतं. भिंत रंगेपर्यंत लोणी बंद.

आर्डिसनं विचारलं, आरशासमोर काय चाललंय? चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला कलेतलं काही कळू नये, याचा मला आता रागही येत नाही.

७ मार्च, बुधवार

कमिटीचा फोन नाही. आर्डिस पाऊण तास बहिणीशी बोलत होती, गुडघ्यांवर. फोन कसा लागणार? बोललो. ती म्हणाली, कुणाचा फोन यायचाय? सांगितलं नाही. लोणी थोडंसं घेतलं, कोरडा टोस्ट घशात अडकतो.

१२ मार्च, सोमवार

पहिली तीन नावं जाहीर. वाचून अंगाची लाही झाली.

एक नंबर, सिनेमातली ती ग्लोरिआन व्हेल. हिचं डनमोरशी नातं काय? हिची आई बसनं कॅन्ससला चालली होती, वाटेत पोटात कळा आल्या, ड्रायव्हरनं इथल्या हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. चार दिवसांनी मायलेकी पुढच्या बसनं रवाना. झाली डनमोरची कन्या!

दुसरा सर्कशीतला झोल्टानो. इथे झोक्यावरून पडला, पाय मोडला, प्लास्टर सुटेपर्यंत इथे पडून होता. म्हणजे आमच्या गावात ज्याची कला बंद पडली, तो आमचा कलावंत.

तिसरा लेस्टर क्विगली, पियानोवाला. हा निदान इथल्या शाळेत तरी गेला, पण नववीत पळून गेला आणि पुढे मुलाखतीत म्हणाला की डनमोरमध्ये मका आणि कंटाळा याशिवाय काही पिकत नाही. त्याचा फोटो आता शाळेच्या व्हरांड्यात.

शी! आणि जो माणूस इथे जन्मला, इथेच वाढला, इथेच राहिला, ज्याची स्वतःची रेकॉर्ड आहे, तो घरात बसून कोरडा टोस्ट खातोय. ती रेकॉर्ड इंडियानापोलिसच्या स्टुडिओत काढली होती. ‘व्हर्लिन क्लोट्झ आणि त्याचा ऑर्गन’. बऱ्याच प्रती अजून तळघरात आहेत, जपून ठेवल्या आहेत. आर्डिस त्या खोक्यांवर बटाटे ठेवते.

१९ मार्च, सोमवार

स्वतःहून जायचं नाही, हे ठरलंच होतं. पण ब्रँटलींच्या दुकानात मला एक स्टूल बघायचं होतं. जाताना आर्डिसचा कॉफी केक नेला, रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. रेकॉर्डही सहज काखेत होती.

कमिटीच्या अध्यक्ष मिसेस ब्रँटली दुकानातच होत्या. त्यांच्याकडे विक्रीला ठेवलेला एक प्लेअर आहे, त्यावर रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजू ऐकवल्या. त्या मधे एकदा गिऱ्हाईक बघायला उठल्या, तेव्हा मी थांबवून ठेवली. शेवटी म्हणाल्या, वा मिस्टर क्लोट्झ, हे काहीतरी वेगळंच आहे!

वेगळंच. इतक्या कमी शब्दांत इतकी मोठी पावती मला आजवर कुणी दिली नव्हती.

मग विचारलं, पण तुम्ही ते स्टारलाइट रिंकमध्ये वाजवायचात ना? आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा तिथेच... मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, मिसेस ब्रँटली, तो विषय नको. चाकांचे बूट घालून गोल गोल फिरणाऱ्या पोराटोरांना ठेका देणं म्हणजे कला नव्हे. तीस वर्षं दिली, पोटासाठी दिली. भिंतीवर मला रेकॉर्डिंग आर्टिस्ट म्हणून बघा. त्या रेकॉर्ड पाकिटात घालायला लागल्या. माझा स्पष्टपणा त्यांना झेपला नसावा. मग म्हणाल्या, बघू या.

बघू या! म्हणजे जवळजवळ झालंच. स्टूल घेतलं नाही. महाग होतं आणि डुगडुगत होतं.

२ एप्रिल, सोमवार

कमिटीनं नियम केलाय. ‘ज्यांनी डनमोरचं नाव बाहेर नेलं तेच कलावंत.’ म्हणजे गाव सोडून पळालं की गावाचा अभिमान, आणि गावात राहिलं की गावाचा शेजारी. हा नियम कोणत्या गाढवानं केला ते मला ठाऊक आहे. मेयर. त्याचा मेहुणा नॅशव्हिलमध्ये गिटार विकतो.

ठीक आहे. नाव बाहेर न्यायचं ना? नेतो. आर्डिसला म्हटलं, दौरा काढतोय. ती म्हणाली, गाडीचे ब्रेक आधी बघून घे.

२१ एप्रिल, शनिवार

दौरा झाला. एक मुक्काम, शेजारच्या काउंटीत कार्सन्स क्रॉसिंगला. तिथल्या अग्निशामक दलाचा पॅनकेक ब्रेकफास्ट होता.

मोठा ऑर्गन हलत नाही म्हणून घरातला छोटा नेला. जागा दिली ती तव्याच्या शेजारी. लोणी आणि धूर यांत तासभर वाजवलं. निवेदक एक सॉसेज चघळतच उभा राहिला आणि म्हणाला, हे आपले व्हर्नन, आलेत बहुतेक डेकॅटरहून. मी दुरुस्ती करायला उठलो तेवढ्यात भोंगा झाला. कुठेतरी धान्याच्या कोठाराला आग. निम्मे श्रोते पिवळे कोट चढवून निघून गेले, उरलेले ते बघायला बाहेर धावले. आत मी, तवा आणि आर्डिस. ती म्हणाली, पॅनकेक करपतायत, उलटवू का? उलटवले.

लोकांच्या अभिरुचीची किळस आली. कपड्यांना अजून लोण्याचा वास येतोय. पण नाव बाहेर गेलं. कमिटीला पत्रानं कळवलं, ‘काउंटीबाहेरील यशस्वी कार्यक्रम’. आग लिहिली नाही, तिचा कलेशी संबंध नव्हता.

४ मे, शुक्रवार

चर्चच्या तळघरात माशांचं जेवण. मासा तेलात पोहत होता, आणि कुणीतरी परत त्या हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घातलं होतं. हे पाप आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि त्यावर कधी भिंत रंगली नाही.

समोर डुएन पॅवलॅक येऊन बसला. स्टारलाइट रिंकचा मालक. दोन वर्षांपूर्वी यानंच माझ्या वाजवण्याऐवजी लावायला गाण्यांची टेप आणली. मला काढलं नाही, फक्त म्हणाला की तू थोडा आराम कर. मी समजायचं ते समजलो आणि पुन्हा पाऊल टाकलं नाही. माझा ऑर्गन मात्र अजून तिथेच, कट्ट्यावर.

डुएन बराच वेळ मक्याबद्दल बोलला. मग म्हणाला, रिंक बंद करतोय. जागा गालिचावाल्यानं घेतली. तीस जूनला शेवटचा शनिवार आहे. काही विशेष नाही, पण तुला वेळ असला तर येऊन थोडं वाजव. कुणी आलं तर येईल.

तीस जूनला संध्याकाळी भिंतीचं उद्घाटन आणि कमिटीचं जेवण आहे, हे त्याला माहीत नसावं. म्हटलं, जमणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे. आणि माझी जेली खाल्ली.

१५ मे, मंगळवार

झालं! आज सगळं झालं!

हार्डवेअरच्या दुकानात खिळे घेत होतो. चित्रकारीण तिथे रंग घ्यायला आलेली. थिया नाव, पुरुषी पँट, केस कापणीनंतरच्या शेतासारखे. माझ्याकडे एकटक बघत राहिली. मग जवळ येऊन म्हणाली, तुम्ही वाजवता का? मला तुमचं चित्र काढायचंय, आठवडाभर येऊन बसाल?

पहिल्या भेटीत. शिफारस नाही, कॉफी केक नाही. परक्या गावच्या पोरीला जे एका नजरेत दिसलं, ते आमच्या लोकांना जन्मभर दिसलं नाही. दोनदा नको म्हणायचं होतं. पण ती शिकागोची, तिला आपली रीत कुठली माहीत? पहिल्यांदाच हो म्हटलं.

१७ मे, गुरुवार

बसतोय. दुकानामागच्या गोदामात एका टेबलावर बोटं ठेवून बसायचं. कालच न्हाव्याकडे जाऊन आलो होतो. ती म्हणाली, टोपी राहू दे डोक्यावर, काही फरक पडत नाही. या लोकांना माणसाचा आत्मा दिसतो, केस नाही.

१८ मे, शुक्रवार

ती म्हणाली, जरा तिकडे बघता का? तुमची सावली हातांवर पडतेय. दिवसभर गाद्यांच्या थप्पीकडे बघत बसलो. मान आखडली. शेवटी विचारलं, चेहरा कधी घेणार? ती म्हणाली, चेहरा आहे माझ्याकडे.

आहे तिच्याकडे! हार्डवेअरच्या दुकानात एकदा पाहिला आणि पाठ झाला. थक्क झालो.

घरी आर्डिसला हे सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, व्हर्लिन, तिनं तुझं नाव विचारलं का रे? म्हटलं, मोठ्या कलावंताला नाव विचारायची गरज पडत नाही. ती परत गाजर किसायला लागली. जेलीत घालणार हे उघड आहे.

१ जून, शुक्रवार

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळलंय. पोस्टमन, न्हावी, दोन्ही पाद्री आणि बँकेतल्या बाईला फक्त एवढंच सांगितलं की तुम्ही कुणाला सांगू नका. सगळे म्हणाले, हो का? बरं बरं. त्यांच्या चेहऱ्यावरचा मत्सर बघवत नव्हता. नवा कोट शिवायला टाकलाय, भिंतीवरच्या माझ्याशी जुळेल असा. कुठला रंग दिलाय ते थिया सांगत नाही. राखाडी धरून चाललोय.

पोस्टाबाहेर डुएन भेटला. पाऊस नाही म्हणाला. मग म्हणाला, तो ऑर्गन साफ करून घेतलाय. उगाच आपलं. तीस तारखेला तू तिकडून लवकर सुटलास तर बघ.

मी खांद्यावर हात ठेवून त्याला समजावलं की डुएन, माणसाच्या आयुष्यात एक पायरी येते, तिच्यावरून खाली उतरता येत नाही. तो म्हणाला, नाही नाही, खरंच. आणि गेला.

१४ जून, गुरुवार

जेवणाचं निमंत्रण अजून नाही. पोस्टखात्याची दुर्दशा! शेवटी दुकानात जाऊन दोन तिकिटं विकत घेतली. मिसेस ब्रँटली म्हणाल्या, अगं बाई, तुम्ही येताय? मला वाटलं तुम्ही त्या दिवशी... मग म्हणाल्या, छान, छान. सरप्राइज फोडायचं नाही म्हणून बिचारीला किती कसरत करावी लागते.

संध्याकाळी डुएन घरी आला. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. दारातच टोपी हातात घेऊन उभा. माझ्या हिरवळीचं कौतुक केलं. आर्डिसच्या गुडघ्यांची चौकशी केली. गटारावर बोलला. खूप वेळानं म्हणाला, तर मग तीस तारखेला... म्हणजे तू बिझी असशील तर असू दे.

म्हटलं, डुएन, तेच तेच किती वेळा? टेप आहे ना तुझी, ती लाव.

तो मान हलवत गेला. आर्डिस माझ्यावर भडकली. इतकी भडकलेली तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. म्हणाली, अरे, तो माणूस तिसऱ्यांदा आला! स्वतःच्या बायकोला मागणी घालतानासुद्धा डुएन दोनदाच विचारून थांबला होता. तुला इथे जन्म घालवून एवढंही कळत नाही? त्या जेवणाला मी येणार नाही. मी रिंकवर जाणार.

गुडघ्यांचं दुखणं माणसाच्या स्वभावावर येतं.

३० जून, शनिवार, दुपार

कोट आला. राखाडीच. बाहीत थोडा आखूड, पण हात पुढे केले नाहीत तर दिसत नाही. भाषण पाठ आहे. सुरुवातीला नम्र, मधे एक विनोद, शेवटी मेयरला एक टोला. आर्डिस निळा ड्रेस घालून निघून गेली. डिकीत तिचे जुने स्केटिंगचे बूट टाकले. या वयात! मला चालत जावं लागणार.

१ जुलै, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

पडदा काढला. सात जण. मधोमध पियानोशी लेस्टर क्विगली, दात दाखवत. त्याच्या कोटाच्या बाह्यांतून दोन हात बाहेर आलेले. माझे. डावी करंगळी रिंकच्या दारात सापडून वाकडी झाली होती, ती तशीच वाकडी. नखंसुद्धा माझी. आणि वर त्याचं तोंड.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, तेवढ्यात हातांकडे लक्ष गेलं आणि ते खिशात घातले.

थियाला गाठलं. ती अगदी खुशीत. म्हणाली, किती सुंदर आलेत ना? वाजवणाऱ्या माणसाचे हात लगेच ओळखू येतात. क्विगलीचा मला फक्त खांद्यापर्यंतचा फोटो मिळाला होता. मग तिनं माझं नाव विचारलं. आभाराच्या पाटीवर घालायचं होतं म्हणे, पण पाटी छापून झालीय.

जेवण किळसवाणं. माझी जागा स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी, दर वेळी खुर्चीला धक्का. सातांपैकी एकही आला नव्हता. ग्लोरिआन व्हेलच्या सेक्रेटरीचं पत्र वाचलं, त्यात तिनं डनमोरच्या सुंदर समुद्रकिनाऱ्याची आठवण काढली होती. कुणी हसलं नाही, कारण हसायला फारसं कुणी नव्हतंच. निम्मी टेबलं रिकामी. सूप झाल्यावर मेयर घड्याळ बघत म्हणाला, जरा जाऊन येतो. परतला नाही. मग बँकवाले. मग पाद्री, दोन्ही. शेवटी मिसेस ब्रँटली नवऱ्याचा हात धरून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, मिस्टर क्लोट्झ, आम्ही निघतोय, तुम्हाला गाडीतून सोडू का? कुठे, ते म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, नको. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नको. त्यांचा नवरा म्हणाला, चला हो. तरीही नको म्हटलं. मला कुणाची दया नको होती. वाटलं, लोक कंटाळून घरी चाललेत. मुद्दाम बसून राहिलो. सगळी जेली संपवली, गाजरासकट.

घरी आलो तर आर्डिस नव्हती. खूप उशिरा आली. गाल लाल, एक गुडघा फुटलेला, बूट गळ्यात. म्हणाली, सगळं गाव होतं तिथे. गावच काय, ओहायोहून, मिसूरीहून माणसं आली होती, आपली नातवंडं घेऊन. डुएननं सहा वाजताच ऑर्गनचं बटण चालू करून ठेवलं, वरचा दिवा लावला, बाक पुसला. लोक बूट बांधून कठड्याला धरून उभे राहिले. कुणी फिरेना. कुणीतरी म्हणालं, व्हर्लिन तिकडून निघाला असेल. मेयर आला, तो म्हणाला, नाही, जेवतोय. तरीही थांबले. ब्रँटली आले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या मागे दाराकडे बघितलं.

विचारलं, मग टेप लावली का? ती म्हणाली, डुएन लावायला गेला, पण लोकांनी नको म्हटलं. शेवटी तशीच फिरली सगळी, गाण्याशिवाय. नुसता चाकांचा आवाज.

मग ती बूट काढत म्हणाली, तुला माहीतय का, ‘आता फक्त जोडप्यांनी’ असं तू वरून ओरडायचास तेव्हा तीस वर्षं मी बाकावर बसून असायचे. माझा जोडीदार वाजवत असायचा. आज तुला उठवून खाली आणणार होते आणि एक फेरी मारणार होते. डुएनला सांगून ठेवलं होतं.

 विचारलं, भिंतीबद्दल कुणी काही बोललं का? ती म्हणाली, नाही रे, आणि झोपायला गेली.

२ जुलै, सोमवार

सकाळी रिंकवर गेलो. ठरवलं होतं, डुएनला मन मोठं करून एक संधी द्यायची. ऐकायला तो एकटाच असला तरी वाजवायचं. आर्डिसला ये म्हटलं. ती म्हणाली, गुडघा सुजलाय.

दारात गालिच्यांच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या, त्यांवरून उडी मारून आत जावं लागलं. डुएन एकटाच फरशी झाडत होता. मला बघून म्हणाला, ऊन फार आहे आज. मी म्हटलं, हो. कट्ट्यावर चढलो. बाक खरंच पुसलेला होता. बसलो, बाह्या मागे सारल्या आणि सुरू केलं. आवाज नाही. कंपनीनं सकाळीच वीज तोडली होती.

थांबायला हवं होतं. पण सुरू केलेलं गाणं अर्धवट टाकवेना म्हणून तसंच शेवटपर्यंत वाजवलं. नुसत्या पट्ट्यांची टकटक. डुएननं झाडू थांबवला आणि विचारलं, कुठलं होतं? मी सांगितलं. तो म्हणाला, हां, ते छान वाजवायचास तू. आणि पुन्हा झाडायला लागला.